जुनी येझदी दुसरी गाडी म्हणून घ्यावी का? (मांगरात अकरा वर्षं उभी आहे)

खाडीकाठचा · ३ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. रोजच्या कामाला माझ्याकडे एक १२५ ची गाडी आहे, भाट्याहून रत्नागिरीत आणि आठवड्यातून एकदोनदा पाली-लांजा. तिच्याबद्दल तक्रार काही नाही. बटण दाबलं की चालू होते, पेट्रोल पीत नाही, आवाज करत नाही, आणि बहुतेक तोच प्रॉब्लेम आहे.

गेल्या आठवड्यात आत्याकडे राजापूरला गेलो होतो. शेजारच्यांच्या मांगरात नारळ टाकायला गेलो तर सोडणांच्या ढिगामागे एक हँडल दिसलं. पोती बाजूला केली तर येझदी रोडकिंग मोटरसायकल, १९८६ ची! टाकीवर बोटभर धूळ, दोन्ही सायलेन्सर जागेवर, उजव्या साइड कव्हरचा पत्ता नाही. मालक वारले, तेव्हापासून अकरा वर्षं तशीच आहे म्हणे. त्यांचा पुतण्या गावात असतो, तो तीस हजार म्हणतोय, वर "तुम्ही आपली माणसं म्हणून" असंही म्हणतोय.

तर घ्यावी का? घेतली तर किक मारायच्या आधी काय काय करावं? आणि आमचं घर खाडीपासून दोनशे पावलांवर, खाऱ्या हवेत ही टिकेल का? बायको म्हणते एक गाडी पुसायला वेळ नाही, दुसरी कशाला. तिला हा धागा दाखवणार आहे, तेव्हा जरा सांभाळून लिहा.

बोंबील_फ्राय · ३ ऑगस्ट, रात्री ९.४४

वहिनींचं बरोबर आहे.

जांभा_चिरा · ३ ऑगस्ट, रात्री १०.३०

वहिनींचं बरोबर असलं तरी गाडी घे. पण पुतण्या कितीही म्हणाला "मारून तर बघा", तरी किक मारू नकोस. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलेंडरला चिकटून बसलेल्या असतात, जोर केलास की रिंग मोडते नाहीतर सिलेंडरला ओरखडा पडतो आणि मग तीस हजाराची गाडी पन्नासला पडते. प्लग काढ, भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू मागेपुढे कर. फिरलं तर सुटलास. नाही फिरलं तर हेड आणि सिलेंडर उतरवायचा, लेथवाल्याकडे जायचं आणि ओव्हरसाइज पिस्टन शोधायचा. मूळ बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६५ मिमी आहे, आधी किती वेळा बोअर मारलाय ते पिस्टनच्या डोक्यावरच्या आकड्यावरून कळेल.

चाक फिरलं तरी क्रँकची सीलं बदलायचीच, यात कंजूषी नको. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँककेसमध्ये येतात, तिथून वर जातात. सील कडक होऊन फटीतून बाहेरची हवा खेचायला लागलं की पेट्रोल कमी आणि हवा जास्त. गाडी सुरुवातीला मस्त पळते, तुला वाटतं वा काय पिकअप आहे, आणि पुढे इंजिन तापून पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसतो. माझ्या पहिल्या गाडीला हेच झालं, पावसहून येताना गोळपच्या पुढे. मागचं चाक असं काही लॉक झालं की रस्त्यावर टायरची काळी रेघ उमटली, मी क्लच दाबला म्हणून आज टाइप करतोय.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट होतं. गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिन पिऊन टाकतं. म्हणजे गिअर ऑइल कमी होतंय आणि धूर वाढतोय असं दिसलं की समजायचं.

आप्पा_निवृत्त · ४ ऑगस्ट, सकाळी ६.१०

जुन्या आठवणी जाग्या झाल्या. माझ्याकडे १९७२ ची जावा होती, येझदी नाव लागायच्या आधीची, म्हैसूरच्याच कारखान्यातली. सहा व्होल्टची बॅटरी, रात्रीचा दिवा म्हणजे काजवा, पुढे बैल आहे की गडगा ते जवळ गेल्यावर कळायचं. किल्ली हरवली होती तेव्हा दोन महिने खिळ्यावर चालवली. आणि किक म्हणजे गिअरचाच दांडा, तो आत दाबून वर फिरवायचा की किक होते. माझा मेहुणा एकदा मागून आणायला गेला आणि अर्धा तास किक शोधत बसला.

अजून एक गंमत. गिअरचा दांडा पायाने दाबला की क्लच आपोआप सुटतो. नंतर मी दुसरी गाडी घेतली तरी सवयीने क्लच न दाबता गिअर टाकायचो, मेकॅनिक हात जोडायचा.

घ्या तुम्ही. वय आहे तोवर घ्या.

वाशिष्ठी · ४ ऑगस्ट, सकाळी ११.०५

एवढा खटाटोप करायचा तर यामाहाची आरएक्स १०० घे ना! ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास, एका हाताने वळवता येते. १९८५ ते ९६ एवढीच वर्षं बनली पण पार्ट आजही कुठेही मिळतो. माझी २०२१ च्या पुरात चिपळूणला पाण्याखाली होती. २२ जुलैला पाणी चढलं, गाळ उपसून गाडीपर्यंत पोचायला चार दिवस गेले. कार्बोरेटरची वाटी उघडली तर आत चहाच्या चोथ्यासारखा गाळ, फ्लोट त्यात रुतलेला. इंजिन पूर्ण खोललं, बेअरिंगं आणि सीलं नवी टाकली, मॅग्नेटची कॉइल भरून आणली. दसऱ्याला पूजा चालू गाडीची केली.

जांभा_चिरा · ४ ऑगस्ट, सकाळी ११.२०

@वाशिष्ठी आरएक्सचे भाव बघितलेत का हल्ली? आणि "ओरिजिनल" म्हणून विकतात त्यातल्या निम्म्यांचं इंजिन एका गाडीचं, चेसिस दुसऱ्या गाडीची आणि स्टिकर झेरॉक्सवाल्याचा.

वाशिष्ठी · ४ ऑगस्ट, सकाळी ११.२६

माझी पहिल्या मालकाची आहे. जळू नका.

फॉर्म_तीस · ४ ऑगस्ट, दुपारी २.१५

सगळे इंजिनात घुसलेत, कोणी आरसी बघितली का? माझं निम्मं आयुष्य आरटीओच्या व्हरांड्यात गेलंय (एजंट नाही, हौस), म्हणून सांगतो.

मालक वारलेत म्हणजे पुतण्याला विकायचा हक्कच नाही, वारस कोण ते आधी बघ. वारसाच्या नावावर आधी फॉर्म ३१ ने गाडी चढते, बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, आणि त्यानंतर २९ आणि ३० भरून तुझ्या नावावर. कोऱ्या २९-३० वर मयताची "आधीच केलेली" सही कोणी दाखवली तर तिथूनच परत फिर. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यापुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण, ते बहुतेक राहिलेलं असणार. त्याची फी, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड मिळून किती होतात ते ऑफिसात विचारून घे आणि तेवढे भावातून काप. जुनी आरसी पुस्तकी असेल तर ऑनलाइन रेकॉर्डच नसतं, त्याची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. चेसिस नंबर खडूने घासून कागदावर उतरवून घे आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताड.

बोंबील_फ्राय · ४ ऑगस्ट, दुपारी २.१८

राजापूरची गाडी ना? सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत तशी आरसीवर पण निघतील. एक आत्या कॅनडात, एक काका सही करत नाहीत कारण १९९४ साली फणसावरून भांडण झालंय.

फॉर्म_तीस · ४ ऑगस्ट, दुपारी २.३१

हसू नका, अगदी असंच होतं. पण गणपती तोंडावर आहेत. मुंबईचे सगळे वारस एका पडवीत एकत्र सापडतात ते वर्षातून तेव्हाच. आरती झाली की मोदकाच्या आधी सह्या.

घाटमाथ्यावरचा · ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.५०

कोल्हापूरकडून नमस्कार. विंटेज गाडीला वेगळा नंबर मिळतो ना आता? तो घेऊन टाका की, भारी दिसतो.

फॉर्म_तीस · ४ ऑगस्ट, रात्री ८.२०

हा घोळ बऱ्याच जणांचा आहे. २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी. १९८६ ची कुठून बसणार त्यात. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीला वीस हजार फी आणि ती दहा वर्षं चालते. पण मुख्य म्हणजे अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच काढायची. म्हणजे आप्पांच्या जावाला मिळाला असता नंबर, पण मग बाजारात मासे आणायला नेता आली नसती. खाडीकाठच्या गाडीला आपण फक्त "जुनी" म्हणू.

मालवणी_मेवा · ४ ऑगस्ट, रात्री ९.०२

खाऱ्या वाऱ्याचा सांगतंय. माझ्या बुलेटीच्या चेसिसीक मी मोरीचा (शार्क माशाचा) तेल लावलंय, आमी होडयेक लावतो ता. गंज म्हणशात तर नावाक नाय. फक्त गाडी खंय लावली की पाच मिनटात सात मांजरां जमतत.

रेवती_दापोली · ५ ऑगस्ट, सकाळी १०.४५

मांजरं :D

माझ्याकडे वडिलांची १९७९ ची बुलेट आहे, दुसरी गाडी म्हणूनच, घर हर्णैच्या बाजूला. खाऱ्या हवेत माझा अनुभव असा की गंज वरून दिसतो तिथे येतच नाही, तो प्लास्टिकच्या कव्हराखाली येतो. ताडपत्री गुंडाळून ठेवली की आत घाम धरतो. त्यापेक्षा जुनी सुती चादर टाका, खाली फळी द्या (कोब्याची ओल टायर खाते) आणि आठवड्यातून एकदा फिरवून आणा. नुसती जागेवर चालू करून दोन मिनिटांत बंद करू नका, सायलेन्सर तापतच नाही, आत पाणी साठतं आणि तो आतून सडतो. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने चाकं आणि स्पोक धुवायचे, स्पोकच्या मुळाशी ब्रशने थोडं ग्रीस.

पावसाळ्यात त्रास देतात ते पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क). सकाळी किक मारून मारून घाम आला आणि गाडी हूं की चूं करत नसेल तर मी आधी कव्हर उघडून पॉइंट कोरड्या फडक्याने पुसते, बारीक पॉलिश पेपरचा एक हात, आणि फट बघते. माझ्या बुलेटला ०.३५ ते ०.४० मिमी. फिलर गेज नव्हतं तेव्हा वडील व्हिजिटिंग कार्ड घालून बघायचे. नोक घासून खड्डा पडत असेल तर नुसते पॉइंट बदलू नका, कंडेन्सर बदला.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावणं) पण मीच करते. इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणून, पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. येझदीला हे नाहीच, व्हॉल्व्हच नाहीत, तेवढं तुमचं काम कमी. आमच्याकडचा एक मेकॅनिक बाईमाणसाने टॅपेट करायचे नसतात म्हणाला होता. त्याने आवळलेले टॅपेट मी घरी येऊन परत सैल केले, नाहीतर व्हॉल्व्ह जळला असता.

घाटमाथ्यावरचा · ५ ऑगस्ट, दुपारी १.१०

घाटाचं कोणी बोललं नाही. रोडकिंगला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं (वेगळा ऑइल पंप येझदीच्याच "ऑइल किंग" मॉडेलला होता). म्हणजे थ्रॉटल बंद तर पेट्रोल बंद आणि ऑइल पण बंद. आंबा घाट उतरताना तुम्ही दुसऱ्या गिअरवर थ्रॉटल सोडून आरामात येता, तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं आणि पिस्टनला तेलाचा थेंब मिळत नसतो. माझ्या मित्राची साखरप्याला पोचायच्या आत धरली. म्हणून मी सरळ क्लच दाबून उतरतो.

जांभा_चिरा · ५ ऑगस्ट, दुपारी १.४०

पहिला भाग शंभर टक्के बरोबर, शेवटचं वाक्य चूक. ड्रम ब्रेक आहेत त्या गाडीला! सबंध घाट क्लच दाबून ब्रेकवर उतरलास तर खाली येईपर्यंत लायनर तापून ब्रेक लागायचाच बंद होतो. गिअरमध्येच उतरायचं, फक्त दर वळणाआधी क्षणभर क्लच दाबून थ्रॉटल थोडा पिळायचा, तेवढ्यात तेल आत जातं. आवाजाने समोरच्यालाही कळतं कोणीतरी येतंय.

ऑइलचं प्रमाण: जुन्या पुस्तकात लिटरला ४० मिली म्हणजे १:२५. आजच्या चांगल्या टू-टीला थोडं कमी चालतं, पण नवे पिस्टन-रिंग टाकलेत तर पहिले पाचशे किलोमीटर जास्तच ठेव, धूर झाला तर झाला. आणि बाटलीतून टाकीत ओतून गाडी हलवणं म्हणजे मिसळणं नव्हे, डब्यात नीट ढवळून मग ओत.

घाटमाथ्यावरचा · ५ ऑगस्ट, दुपारी १.५२

बरं बाबा. ब्रेकचा मुद्दा मान्य. कोकणातल्या माणसाशी कोण वाद घालणार.

वाशिष्ठी · ५ ऑगस्ट, दुपारी ४.३०

पेट्रोलवरून आठवलं, इथेनॉल! आता पंपावर २० टक्केवालं येतं. जुन्या रबराचे पाइप, फ्लोटची सुई, कॉकचे वॉशर फुगतात नाहीतर चिकट होतात. ते सगळं बदलूनच टाक. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे जूनमध्ये हवा म्हणजे अर्धं पाणीच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी कर. आणि त्याच जेटवर मिक्श्चर थोडं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं, तेव्हा कार्बोरेटरची नीडल एक खाच वर घेऊन प्लगचा रंग बघ. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे झकास, पांढरा पडला तर थांब आणि पेट्रोल वाढव, काळा ओला असेल तर कमी कर.

बोंबील_फ्राय · ५ ऑगस्ट, दुपारी ४.३३

२०२२ ला नवीन येझदी आली आहे. बटण आहे तिला. सुचवलं आपलं.

खाडीकाठचा · ५ ऑगस्ट, दुपारी ४.४०

बटणवाली आहे घरी एक.

खाडीकाठचा · १४ सप्टेंबर, रात्री १०.१५

अपडेट. @फॉर्म_तीस तुमचे पाय कुठेत. पुतण्याचा खरंच काही संबंध नव्हता. मालकांना एक मुलगा, दोन मुली, तिघंही गणपतीला आले होते. मुलगा डोंबिवलीला असतो, त्याला गाडी अजून आहे हेच माहीत नव्हतं, त्याला वाटत होतं भंगारात गेली. धाकटीने लगेच सही केली. थोरली म्हणाली आधी मला बघू दे. मांगरात गेली, टाकीवरची धूळ पदराने थोडीशी पुसली, "यावरून पडून माझा दात तुटलाय" म्हणाली आणि सही केली. सौदा बावीस हजाराला झाला. आरसी पत्र्याच्या डब्यात होती, रेशन कार्ड आणि ताकाच्या रवीसोबत. चेसिस नंबर जुळला.

प्लगमधून तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी चाक नाही फिरलं. परत तेल, परत एक रात्र. तिसऱ्या दिवशी मी आणि आतेभाऊ चाकाला लटकलो आणि आतून "टक्" असा आवाज आला, मला वाटलं मोडलं काहीतरी, पण चाक फिरलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं, सुंभ, कापूस आणि एका निवडणुकीचं पत्रक.

पुतण्या रुसलाय. उजवं साइड कव्हर त्याच्याकडेच आहे असा माझा दाट संशय आहे.

आप्पा_निवृत्त · १५ सप्टेंबर, सकाळी ६.०५

अभिनंदन! फोटो टाका.

रेवती_दापोली · १५ सप्टेंबर, सकाळी ९.३०

ते "टक्" म्हणजे रिंग सुटल्याचा असेल किंवा मोडल्याचा. सिलेंडर उतरवून बघाच, अंदाजावर राहू नका.

खाडीकाठचा · ११ जानेवारी, रात्री ११.००

खूप दिवसांनी येतोय, सॉरी. @रेवती तुमचं खरं निघालं, वरची रिंग दोन तुकडे. सिलेंडरला ओरखडा नव्हता पण गंजाचे बारीक ठिपके होते, म्हणून बोअर मारून पुढच्या साइजचा पिस्टन टाकला. सीलं, बेअरिंगं, पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेट, टायर. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेला पिस्टन दुसऱ्याच मॉडेलचा आला, परत पाठवण्यात तीन आठवडे गेले. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून बंबातल्या निखाऱ्यात ठेवल्या, काळं तेल जळून कोळसा झाला तो ठोकून काढला. गाडी आधी मुलाच्या आणि मग माझ्या नावावर झाली, नूतनीकरण झालं, नवीन नंबर प्लेट पण लागली, ती जुन्या मडगार्डवर अगदी परकी दिसते.

पहिल्यांदा चालू झाली ती चोविसाव्या किकला (मुलाने मोजल्या). इतका पांढरा धूर झाला की शेजारचे दादा गडग्यावरून डोकावून म्हणाले, "काय हो, पौषात भाजावळ?" गार असताना अजून थोडी भकभकते, गरम झाली की ठीक. प्लगचा रंग आधी पांढरट होता, नीडल एक खाच वर घेतल्यावर आता बरा तपकिरी आहे.

रविवारी दोघं पावसला जाऊन आलो, गोळपला जांभ्याची आठवण काढली, क्लचवर दोन बोटं ठेवूनच होतो. बायको जाताना गप्प होती. येताना भाट्याच्या पुलावर म्हणाली, जरा हळू घे, आवाज ऐकू दे. एकूण खर्च मी इथे लिहिणार नाही, कारण वर म्हटलं तसं ती धागा वाचते.

राहिलं फक्त साइड कव्हर. कोणाकडे रोडकिंगचं जास्तीचं पडलंय का?

जांभा_चिरा · ११ जानेवारी, रात्री ११.०८

माझ्याकडे एक आहे माळ्यावर, रंग गेलाय पण पत्रा चांगला. डावं पाहिजे की उजवं?

खाडीकाठचा · ११ जानेवारी, रात्री ११.०९

उजवं!!

जांभा_चिरा · ११ जानेवारी, रात्री ११.३१

शिडी लावून बघून आलो. डावं आहे.

बोंबील_फ्राय · ११ जानेवारी, रात्री ११.३३

पुतण्याला शिमग्याला भेट.